वाढत्या वयाचा दस्तरखान

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे मिळाली. टाळ्या झाल्या. पालकांच्या चेहऱ्यावरचा आनंद आपण सर्वांनी पाहिला. त्या आनंदात मी एक साधा प्रश्न मिसळणार आहे. या मुलांनी आज सकाळी घरून निघताना काय खाल्ले? मला खात्री आहे की बऱ्याच घरांतून उत्तर येईल, चहा आणि पाव. चहा आणि खारी. किंवा नुसताच चहा. गुणपत्रिकेवरचा प्रत्येक आकडा आपण तपासतो, एक गुण कमी पडला तर विचारणा करतो. पण ज्या शरीराने आणि ज्या डोक्याने ते गुण मिळवायचे, त्याच्या खुराकाचा हिशेब आपण ठेवत नाही. तो हिशेब आज आपण मिळून मांडू या.

आपण राहतो तो मावळ आणि लोणावळ्याचा भाग आरोग्यासाठी नावाजलेला आहे. मुंबई-पुण्याचे लोक चांगली हवा घ्यायला इथे येतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले ते याच लोणावळ्यात. हवा चांगली, पाणी चांगले, डोंगर हिरवे. तरीही शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन खाली बसणारी मुलगी आपल्या शाळांतून दिसते, दुपारच्या तासाला डोळे मिटणारा मुलगा दिसतो. हवेने पोट भरत नाही आणि रक्तही वाढत नाही, हे त्याचे कारण.

वाढीचे वय म्हणजे काय?

दहा ते एकोणीस हे वय माणसाच्या आयुष्यात एकदाच येते. प्रौढपणी जी उंची असते तिचा सुमारे पाचवा-सहावा हिस्सा या वर्षांत वाढतो, आणि प्रौढपणीच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन याच काळात चढते. हाडांत चुना साठतो, स्नायू बनतात, रक्ताचे प्रमाण वाढते. मुलींना पाळी सुरू होते आणि दर महिन्याला रक्ताबरोबर लोह शरीराबाहेर जाऊ लागते. घर बांधताना सिमेंट कमी पडले तर रंगाने ते भरून निघत नाही. तसेच या वयात राहिलेली उणीव पुढे टॉनिकच्या बाटल्यांनी पूर्ण भरून येत नाही.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी २०२० साली आपल्या देशातील माणसांना रोज काय व किती लागते याचे तक्ते नव्याने प्रसिद्ध केले. त्यातले काही आकडे पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २७१० कॅलरी ऊर्जा लागते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३३२० कॅलरी लागतात. म्हणजे कमावत्या बापापेक्षा शिकणाऱ्या मुलाची भूक मोठी असते, आणि ती खरी असते. "किती खातोस रे!" असे त्याला टोकू नये. तो हावरा झालेला नाही, तो वाढतो आहे.

दुसरा आकडा यापेक्षा महत्त्वाचा आहे. प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला लागते ३० मिलिग्रॅम, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला ३२. आता आपापल्या घरातला दस्तरखान डोळ्यांपुढे आणा. गोश्ताच्या चांगल्या बोट्या कोणाच्या ताटात जातात? आधी अब्बांच्या, मग भावाच्या. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जो रस्सा उरतो तो अम्मी आणि मुलगी वाटून घेतात. यात कोणाचे मन वाईट असते असे नाही. रीतच तशी पडली आहे. पण ज्याला १९ पुरतात त्याला आधी आणि जिला ३० लागतात तिला शेवटी, हा हिशेब उलटा आहे.

ताटातले सहा घटक

शाळेच्या पुस्तकात मुलांनी हे वाचलेले असते, तरी पालकांसाठी थोडक्यात सांगतो. अन्नातून आपल्याला सहा गोष्टी मिळतात. भात, चपाती, भाकरी, बटाटा यांतून पिष्टमय पदार्थ मिळतात. ते शरीराचे सरपण. तेल, तूप, शेंगदाणे, तीळ यांतून स्निग्ध पदार्थ मिळतात. डाळी, कडधान्ये, अंडी, दूध, मासे, मटण यांतून प्रथिने मिळतात. त्यांनी शरीराची बांधणी होते. भाज्या व फळांतून जीवनसत्त्वे आणि लोह, चुना, आयोडीन यांसारखी खनिजे मिळतात. ती लागतात थोडी, पण त्यांच्यावाचून बाकीच्याचा उपयोग होत नाही. सहावे पाणी. याशिवाय भाजीचा आणि कोंड्याचा चोथा पोट साफ ठेवतो.

आपल्या ताटात यांपैकी सरपण भरपूर असते. कमी पडतात ती बांधणीची आणि खनिजांची द्रव्ये.

प्रथिनांचे नाव काढले की लोकांना महागडे डबे आठवतात. टीव्हीवर जाहिराती येतात, उंची वाढवणाऱ्या पावडरी विकल्या जातात. त्यांची गरज नाही, हे साध्या बेरजेने सिद्ध करता येते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात, मुलाला ४५. चार चपात्यांच्या पिठातून सुमारे १२ ग्रॅम मिळतात. दोन वेळच्या मिळून शंभर ग्रॅम तांदळातून ८. पन्नास ग्रॅम डाळीतून १२. एका अंड्यातून ६. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. एक पेला दुधातून ६. झाले ५१. यात पावडरीचा डबा कुठेही नाही. मात्र यातून डाळ, अंडे, शेंगदाणे आणि दूध काढून टाका, फक्त २० उरतात. अनेक घरांत नेमके तेवढेच उरते, कारण डाळ पातळ असते, अंडे फक्त पाहुणा आल्यावर फुटते आणि दूध चहात संपते.

डाळ-भात, खिचडी, दालचा हे पदार्थ आपल्या वाडवडिलांनी विचारपूर्वक जुळवलेले आहेत. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी असतो तो तांदूळ पुरवतो. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मुहर्रममध्ये शिजणाऱ्या खिचड्यात गहू, डाळी आणि गोश्त एका देगेत एकत्र येतात. तो खिचडा वर्षातून एकदा मोहल्ल्याला वाटतो. त्यामागचे तत्त्व रोजच्या चुलीवर आणता आले तर मुलांची निम्मी काळजी मिटेल.

मावळचे ताट

मावळ हा भाताचा मुलूख. वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोराच्या संकरातून तयार केलेली इंद्रायणी ही जात १९८७ साली आली आणि आता तिचा वास महाराष्ट्रभर पोहोचला आहे. भाताचा अभिमान जरूर बाळगावा. पण ताटात भाताचा डोंगर आणि बाजूला बोटभर कालवण, हे वाढत्या मुलांना पुरत नाही. भात थोडा कमी करून डाळ व भाजी दुप्पट करावी. तांदूळ फार चोळून पाच-सहा पाण्यांनी धुऊ नयेत, आणि पेज मोरीत ओतू नये. ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, ती त्या पाण्याबरोबर वाहून जातात.

याच मावळच्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरई पिकते. नाचणीला आपण गरिबाचे धान्य म्हणून मागे टाकले. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात सुमारे १२० असते आणि तांदळात जेमतेम १०. तेरा ते पंधराच्या वयात रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ज्या घरात पेलाभर दूध प्रत्येक मुलाला देणे परवडत नाही, त्या घराने आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील करावे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरातले लोक आता तीच नाचणी बिस्किटांच्या रूपाने चढ्या भावाने घेतात. आपल्याकडे ती आठवडे बाजारात मिळते.

पावसाळ्यात भाज्या महागतात हे खरे. पण त्याच पावसात टाकळा, कुर्डू, अळू या पालेभाज्या येतात. शेवगा तर अंगणात उभा असतो. आपण शेंगा खातो आणि पाला टाकून देतो. त्या पाल्यात चुना आणि डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व दोन्ही आहे. सुकट आणि सुके बोंबील पावसाळ्यासाठी भरून ठेवायची पद्धत चांगली आहे. त्यांत प्रथिने आहेत, आणि लहान मासळी काट्यासकट खाल्ली तर चुनाही मिळतो. मीठ मात्र जास्त असते, म्हणून ती आधी धुऊन घ्यावी. उन्हाळ्यात डोंगरात करवंदे, जांभळे असतात. पेरू आणि आवळा या फळांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, आणि त्यांचा भाव सफरचंदापेक्षा कमी असतो.

उन्हाचेही एक काम आहे. अन्नातला चुना हाडांत बसायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते आपले शरीर त्वचेवर पडलेल्या उन्हापासून तयार करते. लोणावळ्यात चार महिने ढग असतात, आणि मोठ्या झालेल्या मुली बहुतेक वेळ घरात असतात. ऊन पडेल तेव्हा मुलींनी गच्चीवर किंवा घराच्या अंगणात थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्यावे. पडद्याचा आब राखूनही हे करता येते. थोडी सोय मात्र घरच्यांनी करून द्यायला हवी.

मुंबईतल्या गरीब स्त्रिया आणि निळी गोळी

आता मी रक्ताच्या प्रश्नाकडे येतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलींमागे ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ३१ होते. मुलींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, किंवा पंधरा वर्षांवरील मुलांचे १३ च्या खाली असेल, तर त्याला पंडुरोग म्हणजे ॲनिमिया म्हणतात. जिना चढताना दम लागणे, लक्ष न लागणे, वाचलेले ध्यानात न राहणे, चेहरा फिका पडणे ही त्याची लक्षणे. अशी मुलगी आळशी ठरते, "हिचे डोके चालत नाही" असे म्हणतात आणि कधीकधी तिची शाळाही सुटते. तिचे डोके चालते. डोक्याला प्राणवायू पोचवणारे रक्त तिच्याकडे पुरेसे नसते.

या विषयाचा एक इतिहास मुंबईत घडला आहे आणि तो आपल्या समाजाशी जोडलेला आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. गिरणगावातल्या अनेक स्त्रिया या रोगाने बाळंतपणात दगावत होत्या. तो जंतूंचा रोग असेल असा अनेकांचा समज होता. डॉ. विल्स यांनी वेगवेगळ्या थरांतील स्त्रिया काय खातात याची बारकाईने पाहणी केली. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान स्त्रियांचा होता आणि हा रोगही त्यांच्यातच सर्वांत अधिक होता. पुढे त्यांनी दाखवून दिले की यीस्टचा अर्क, जो मार्माइट या नावाने बाजारात स्वस्त मिळत असे, तो दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तो गुणकारी घटक कोणता हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी पालकाच्या भाजीतून तो वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड.

आज शाळेत आठवड्यातून एकदा जी निळी गोळी वाटली जाते, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठीची ही साप्ताहिक योजना देशभर २०१३ च्या सुमारास सुरू झाली आणि २०१८ पासून ती ॲनिमियामुक्त भारत या मोहिमेचा भाग आहे. सरकारी व अनुदानित शाळांत गोळी फुकट मिळते. शाळा सुटलेल्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळते. आणि आपल्याकडे काय होते? गोळी दप्तरात राहते किंवा खिडकीबाहेर जाते. कोणी सांगते, ही गोळी गरम पडते. कोणी सांगते, ती मुले होऊ नयेत म्हणून दिली जाते. ही दुसरी अफवा निखालस खोटी आहे. ज्या गोळीतला एक घटक मुंबईच्या गरीब मुसलमान आयाबहिणींच्या आजारपणातून जगाला सापडला, आणि जो आज जगभर गर्भवती स्त्रियांना बाळाच्या भल्यासाठी दिला जातो, ती गोळी आपल्याच मुलींनी फेकून द्यावी याचे दुःख वाटते.

ही गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. सुरुवातीला थोडे मळमळते, शौचाला काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रमजानमध्ये इफ्तारनंतर जेवण झाल्यावर घ्यावी, म्हणजे नागा होत नाही.

गोळी चालू आहे म्हणून अन्नाकडे दुर्लक्ष करू नये, आणि अन्न चांगले आहे म्हणून गोळी सोडू नये. बाजरी, मसूर, पालेभाजी, शेंगदाणे, अंडे सर्व खाल्ले तरी मुलीचा ३० चा आकडा गाठणे अवघड जाते. शिवाय वनस्पतींतले लोह शरीरात थोडेच मुरते. ते अधिक मुरावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे किंवा टोमॅटो, पेरू, आवळा खावा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर चहातले टॅनिन लोहाला अडवून धरते. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर असावे. आपल्या घरांतून ही एकच सवय बदलली तरी फरक पडेल. मांसातले लोह लवकर मुरते. कलेजीत ते भरपूर असते; आठवड्यातून एकदा थोडी कलेजी आणली तर ती आधी मुलीच्या ताटात जावी.

मावळात आणखी एक गोष्ट आहे. भातलावणीत अनवाणी पायांनी चिखलात काम होते. उघड्यावर घाण झालेल्या ओल्या मातीतून आकडीचे जंत पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. अशा मुलाला कितीही खाऊ घाला, रक्त वाढत नाही. म्हणून वर्षातून दोनदा शाळेत जंताची गोळी देतात तीही चुकवू नये. पायात चप्पल असावी, हात साबणाने धुवावेत. आणि गोळ्या व आहार चालू असूनही दोन-तीन महिन्यांत रक्त वाढले नाही तर डॉक्टरांकडे जावे. मागे दुसरे कारण असू शकते.

चिक्की आणि बाजार

लोणावळ्याचा विषय निघाला आणि चिक्की राहिली असे होऊ नये. शेंगदाण्याची चिक्की हा चांगला खाऊ आहे. तीस ग्रॅमच्या तुकड्यातून सुमारे दीडशे कॅलरी आणि चारएक ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र गुळामुळे रक्त वाढते असा जो समज आहे तो थोडा दुरुस्त करायला हवा. गुळात लोह असते, पण दहा ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. चिक्कीचा खरा गुण शेंगदाण्यात, तिळात आहे. म्हणून दाणे जास्त व गोड कमी अशी ती असावी, एक तुकडा खावा आणि मग चूळ भरावी.

आपले गाव पर्यटकांचे. शनिवार-रविवारी आपली काही मुले स्टॉलवर, हॉटेलात घरच्यांना हातभार लावतात. दिवसभर समोर वडे, भजी, बाटलीबंद सरबते. पाहुणा महिन्यातून एकदा येऊन भजी खातो. आपला मुलगा ती रोज खातो. तीनशे मिलिलिटर थंड पेयात सात-आठ चमचे साखर असते. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत किशोरवयीन मुलांपैकी चारांत सुमारे एक हडकुळा आढळला, आणि त्याच पाहणीत दहांमागे एकाच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. दोन्ही टोके एकाच पिढीत, कधी एकाच घरात आहेत. वेफर्सच्या दोन लहान पाकिटांच्या पैशात एक अंडे आणि मूठभर शेंगदाणे येतात. हा हिशेब मुलांनी स्वतः करून पाहावा.

रमजानचे दिवस

रोज्यांनी शरीर खराब होते असे नाही. शरीर खराब होते ते आपल्या दस्तरखानामुळे. सहेरी चुकवून रोजा धरणे आणि इफ्तारला भजी, समोसे, सरबत यांवर तुटून पडणे, हे वाढत्या मुलांना झेपत नाही. सहेरीला भाकरी किंवा चपाती, अंडे किंवा डाळ, दही आणि पुरेसे पाणी असावे. इफ्तार खजुराने सोडावा, फळे खावीत, आणि मग साधे जेवण जेवावे. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही रसूलल्लाहची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. कुराणशरीफमध्ये हलालबरोबर तय्यब, म्हणजे स्वच्छ व चांगले, असाही शब्द आहे. हलालची चौकशी आपण काटेकोरपणे करतो. तय्यबची चौकशी तितकीच व्हायला हवी.

आता करायचे काय?

बंधूंनो, भाषण ऐकून घरी गेल्यावर सर्व विसरले जाते. म्हणून तीनच विनंत्या करतो.

पहिली वालिदैनना. आजपासून घरातले सर्व जण एका वेळी, एका दस्तरखानावर बसा. मुलीचे ताट मुलाच्या ताटाबरोबर आणि तितकेच वाढा. अम्मीने शेवटी उरलेले खाऊ नये. आईच्या अंगात रक्त नसेल तर घर कसे चालेल? अठराच्या आत मुलीचे लग्न करू नका, कायद्यासाठी तर नाहीच, पण तिच्या शरीरासाठीही नाही. जिची स्वतःची हाडे अजून भरायची आहेत तिच्यावर दुसऱ्या जिवाचा भार टाकणे हा जुलूम आहे. ट्यूशनची फी आपण पोटाला चिमटा घेऊन भरतो. तो चिमटा मुलांच्या पोटाला बसू नये.

दुसरी विद्यार्थ्यांना. सकाळी काही तरी खाल्ल्याशिवाय शाळेत येऊ नका. रात्रीची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे असले तरी चालेल. निळी गोळी ठरल्या दिवशी घ्या आणि मैत्रिणीलाही घ्यायला लावा. मैदानावर रोज तासभर खेळा, मुलींनीही खेळा. घरी अम्मीला आजचे आकडे सांगा. तुम्ही शिकलेल्याचा पहिला उपयोग घराला व्हावा.

तिसरी संस्थेला. शालेय पोषण आहार, ज्याला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात, तो आठवीपर्यंत मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्यात दररोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. नववीत पाऊल ठेवले की ती थाळी बंद होते. म्हणजे भूक सर्वांत मोठी, अभ्यास सर्वांत जड आणि गोश्त सर्वांत महाग, अशा वेळी मुलाला आपल्या भरवशावर सोडले जाते. संस्थेने नववी-दहावीच्या मुलामुलींना मधल्या सुट्टीत मूठभर भाजलेले शेंगदाणे व फुटाणे, आणि आठवड्यातून दोन दिवस एक उकडलेले अंडे देण्याचा विचार करावा. अंडे न खाणाऱ्यांना केळे आणि जास्तीचे दाणे द्यावेत. खर्च मोठा नाही. इथे बसलेल्या प्रत्येक सुखवस्तू कुटुंबाने एका विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च उचलला तर संस्थेच्या तिजोरीवर भार पडणार नाही. मशिदीसाठी, जलशासाठी आपण सढळ हाताने देतो. उपाशी मुलाच्या हातातली मूठभर दाण्यांची नेकी त्यापेक्षा हलकी नाही. त्याचबरोबर वर्षातून एकदा, शाळा सुरू झाल्यावर, सरकारी आरोग्य पथकाकडून सर्व मुलामुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि वर्षअखेर पुन्हा तपासावे. गुणपत्रिकेबरोबर हाही आकडा पालकांच्या हाती पडावा.

पुढच्या वर्षी याच मंडपात बक्षिसे वाटली जातील. त्या दिवशी अहवाल वाचताना निकालाच्या टक्क्यांखाली आणखी एक ओळ असावी: आपल्या शाळेतील इतक्या मुलींचे हिमोग्लोबिन बारावर आले. ती ओळ ऐकायला मी जरूर येईन.

 अल्लाह आपल्या मुलांना सेहत आणि इल्म दोन्ही देवो. खुदा हाफिज.